आपल्याच हातच्या लिंका

२०१९ च्या फेब्रुवारीत देवगडहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडे एका हापूस बागायतदारांची सून होती. कुणाच्या तरी मावसबहिणीकडून तिला माझा नंबर मिळाला होता. "ताई, गूगलवर आम्ही दिसेनासे झालोय. आणि आंबा दीड महिन्यावर आलाय." मी वेबसाइटचं नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि जुडी माझ्या हातात तशीच राहिली. ते नाव मला पाठ होतं. आठ वर्षांपूर्वी मी ते दिवसातून साठ वेळा टंकत असे.

हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. "लॉगिन पाठवा, बघते," एवढंच म्हणाले.

गूगल साइटमालकांना निरोप देतं ते सर्च कन्सोल उघडलं, तर कारण समोरच लिहिलेलं होतं. मॅन्युअल ॲक्शन: साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंका. गूगलच्या गणिताने, म्हणजे अल्गोरिदमने, आपोआप क्रमांक घसरणं वेगळं आणि हे वेगळं. इथे गूगलच्या एखाद्या माणसाने साइट तपासलेली असते आणि शेरा मारलेला असतो. तो शेरा पुसायचा तर लिंका साफ करायच्या, काय काय केलं ते लिहायचं आणि फेरविचाराचा अर्ज द्यायचा. अर्जाला उत्तर कधी काही दिवसांत येतं, कधी काही आठवडे लागतात. झाडावरचा आंबा तेवढा थांबत नाही.

लिंकेला एवढं महत्त्व का, हे मला सूनबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा अख्खा धंदाच तसा उभा होता. दादरच्या एका बाईंना पेटी आवडली, त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने डोंबिवलीच्या नणंदेला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये मांडलेल्या पेजरँकच्या मुळाशी हेच आहे: एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं म्हणजे त्याने शब्द टाकला, आणि शब्द टाकणाऱ्याची स्वतःची पत जितकी, तितकं त्या शब्दाचं वजन. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की शब्द विकतही घेता येतील. तिथून माझ्यासारख्यांच्या नोकऱ्या सुरू झाल्या.

२०१० मध्ये पुण्यात एका छोट्या कंपनीत मला पहिली नोकरी लागली. पगार आठ हजार. खात्याचं नाव 'ऑफ-पेज'. आम्ही सात मुली आणि दोन मुलगे, एका खोलीत, हेडफोन लावून. काम सोपं होतं. एक्सेलमध्ये हजारभर डिरेक्टरींचे, म्हणजे साइट्सची नुसती नावं नोंदवणाऱ्या पानांचे, पत्ते. रोज साठ ठिकाणी ग्राहकाच्या साइटचं नाव, वर्णन आणि लिंक भरायची, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टंकायची, सबमिट दाबायचं, एक्सेलमधला चौकोन हिरवा करायचा. दुपारनंतर लेख. एक लेख लिहायचा, तो एका सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाला दोन-चार पर्यायी शब्द लावून त्याच लेखाचे चाळीस लेख करून देई. याला आम्ही 'स्पिन' म्हणायचो. 'किंग ऑफ फ्रूट्स' घालावं तर बाहेर 'मोनार्क ऑफ प्रोड्यूस' पडे. ते लेख मी एका गोऱ्या बाईच्या नावाने टाकायचे. ती ओहायोत राहायची, तिला बागकामाची आवड होती आणि तिने जन्मात देवगड पाहिलेलं नव्हतं. मीही तोवर पाहिलेलं नव्हतं.

प्रत्येक लेखाच्या शेवटी लिंक, आणि लिंकेवर नेहमी तेच शब्द: 'बाय अल्फान्सो मँगो ऑनलाइन'. आजूबाजूचं सगळं बदलायचं, ते शब्द मात्र हलू द्यायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती. पुढे त्याच शब्दांनी आम्हाला पकडून दिलं, ते सांगेनच.

आम्हाला कळत नव्हतं असं नाही. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीबद्दल मोठा लेख आला होता. भलत्यासलत्या हजारो पानांवरून त्यांच्याकडे लिंका येत होत्या, गूगलने कारवाई केली आणि एका शोधात ते पहिल्या क्रमांकावरून थेट एकाहत्तराव्यावर गेले. लेख कुणीतरी प्रिंट काढून पँट्रीत चिकटवला. वाचला, हसलो, चहा घेतला आणि जागेवर जाऊन पुढचे साठ चौकोन हिरवे केले. आपण एवढे मोठे कुठे, आपल्याला कोण बघतंय, अशी एक समजूत असते.

२४ एप्रिल २०१२ ला अक्षय्य तृतीया होती. घरी आमरस होता, मी अर्धी सुट्टी घेतली होती. त्याच तारखेला गूगलने असल्या बनवाबनवीला चाप लावणारा तो बदल जाहीर केला ज्याला पुढे पेंग्विन म्हणू लागले. इंग्रजीतल्या साधारण ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम दिसेल, असं त्यांनी म्हटलं होतं. आमच्या खोलीतल्या आलेखांवर तो त्याहून पुष्कळ जास्त दिसला. आंबेवाल्यांची साइट पहिल्या पानावरून पाचव्यावर, ऐन हंगामात. फोन घ्यायला साहेबांनी एक नवा मुलगा बसवला. माझ्याकडे फोन आला नाही, येणारच नव्हता. ग्राहकांना आमची नावं माहीत नसत.

यातला खरा विनोद पुढे आहे. १६ ऑक्टोबर २०१२ ला गूगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे प्रमुख मॅट कट्स यांनी लास वेगासच्या एका परिषदेत 'डिसअव्हाव'चं साधन जाहीर केलं. म्हणजे नको असलेल्या लिंकांची यादी आपणच गूगलला द्यायची: यांचा माझा संबंध नाही, या मोजू नका. महिन्याभरात आमच्या कंपनीच्या दरपत्रकात नवी ओळ आली, 'लिंक क्लीनअप'. ज्या लिंका करायचे पैसे घेतले त्याच काढायचे पैसे. टेबलं तीच, एक्सेलही तेच, फक्त चौकोन आता लाल करायचे. मी आणखी आठ महिने टिकले.

तर, २०१९. सगळ्यात आधी यादी. सर्च कन्सोलमधून लिंका उतरवून घेतल्या, विकतच्या दोन साधनांमधून आणखी दोन याद्या काढल्या, तिन्ही एकत्र करून दुबार नावं गाळली. सहाशे चाळीस डोमेनं उरली. अशी यादी पहिल्यांदा पाहणाऱ्याला घाम फुटतो, कारण त्यात जगातली निम्मी घाण आपल्याच दिशेने वाहत येते आहे असं दिसतं. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी निरुपद्रवी असते. जगातल्या प्रत्येक साइटचं नाव छापणाऱ्या आपोआप तयार झालेल्या याद्या, फोटो चोरून वॉलपेपर म्हणून लावणारी पानं, दुसऱ्याचा मजकूर उचलून चिकटवणारी पानं. रस्त्यावर चालताना चपलेला धूळ लागते तसं हे. गूगल ते ओळखतं आणि सोडून देतं. २०१६ च्या सप्टेंबरपासून तर पेंग्विन मुख्य गणिताचाच भाग झालं आहे, आणि वाईट लिंकेबद्दल साइटला खाली ओढण्यापेक्षा ती लिंक न मोजण्याकडेच त्याचा कल असतो.

आजही महिन्यातून एखादा घाबरलेला दुकानदार फोन करतो. कुणीतरी त्याला फुकट अहवाल पाठवलेला असतो: तुमच्या साइटवर साडेतीनशे विषारी लिंका. लाल रंगाचा गोल, त्यात ७८. हा आकडा गूगलचा नसतो, ज्याने साधन विकायला काढलंय त्याचा असतो. मी विचारते, सर्च कन्सोलमध्ये काही शेरा आहे का? तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या कुणी लिंका विकत घेतल्या होत्या का? दोन्हीला 'नाही' आलं की मी म्हणते, पैसे ठेवा, फोटो चांगले काढून घ्या. गूगलचं स्वतःचं म्हणणंही फार निराळं नाही. ते साधन त्यांनी मेनूतसुद्धा ठेवलेलं नाही, वेगळ्या पत्त्यावर जावं लागतं आणि दारातच इशारा आहे. बिंगने तर २०२३ मध्ये आपलं बंदच केलं. पण आंबेवाल्यांच्या बाबतीत दोन्ही उत्तरं 'हो' होती.

मग बघायचं काय? मी आधी शब्द बघते. लिंक कुठल्या शब्दांवर दिली आहे ते. माणूस आपणहून लिंक देतो तेव्हा तो साइटचं नाव लिहितो, नुसता पत्ता चिकटवतो, 'इथे बघा' म्हणतो, नाव चुकवतोसुद्धा. दोनशे अनोळखी माणसं एकाच सुरात 'बाय अल्फान्सो मँगो ऑनलाइन' म्हणत नाहीत. यादी त्या रकान्यावर लावली आणि तो एकच वाक्यांश खाली, खाली, खाली सरकत गेला. मी माऊसचं चाक फिरवत होते आणि तो संपत नव्हता.

त्यातल्या नव्या लिंका २०१७-१८ च्या. माझ्यानंतर आलेल्या कुठल्या तरी कंपनीने 'गेस्ट पोस्ट', म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरचे पाहुणे लेख, म्हणून विकत घेतलेल्या. यांतली एक मी अजून विसरलेले नाही. डोमेनचं नाव एखाद्या वाद्यवृंदाचं वाटत होतं. आत जुगाराचे लेख, कर्जाचे लेख, आणि मध्येच आपला आंबा. इंटरनेट अर्काइव्हवर त्या पत्त्याची जुनी पानं काढली तर ते खरोखरच परदेशातल्या एका लहान गावातल्या हौशी वाद्यवृंदाचं संकेतस्थळ निघालं. तालमींच्या वेळा, नाताळच्या कार्यक्रमाचं निमंत्रण, व्हायोलिन धरलेल्या आजीबाईंचा धूसर फोटो. मग एका वर्षी कुणीतरी नूतनीकरणाचे पैसे भरायचं विसरलं. डोमेन सुटलं, लिलावात कुणी उचललं, आणि गावातल्या शाळेने, चर्चने, वर्तमानपत्राने त्या वाद्यवृंदाला वर्षानुवर्षं दिलेल्या लिंकांची पुण्याई आता जुगारवाल्यांच्या कामी येत होती. त्यावर आमचा हापूसही फुकटात, म्हणजे पंधराशे रुपयांत, मिरवून घेत होता.

नुसती डिसअव्हावची फाइल चढवून अर्ज दिला तर तो सहसा परत येतो. लिंका काढायचा खरोखर प्रयत्न केलात हे दाखवावं लागतं. म्हणजे साइटच्या मालकांना पत्रं. २०१९ मध्ये हे आधीपेक्षा अवघड झालं होतं, कारण २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा गोपनीयतेचा कायदा लागू झाला आणि डोमेनच्या नोंदींतून मालकांचे ईमेल दिसेनासे झाले. संपर्काचा फॉर्म शोधायचा, तो तुटका असायचा. एकाने उत्तर दिलं: काढतो, दर लिंकेला दहा डॉलर. दुसऱ्याने काढायच्या ऐवजी आणखी तीन देऊ केल्या, सवलतीत. बहुतेकांनी काहीच नाही.

वेळ कमी होता, म्हणून मी एक आळस केला. साधनाने दिलेल्या 'विषारी' आकड्यावर यादी लावली आणि वरच्या दीडशेंना पानं नीट न बघता एकाच मसुद्याची इंग्रजी पत्रं पाठवली: आपल्या पानावरील लिंक आमच्या संकेतस्थळास हानिकारक आहे, कृपया त्वरित काढावी. यातलं एक पत्र कुठे गेलं ते मला मार्चअखेर कळलं.

दुसरी गोष्ट आळसाची नव्हती. २०११ च्या जुन्या डिरेक्टरी आणि लेखांच्या साइट्स, माझ्या हातच्या, मी फाइलमध्ये घातल्याच नाहीत. बहुतेक बंद पडल्या होत्या हे खरं. उरलेल्यांबद्दल मी स्वतःला सांगितलं की इतक्या जुन्या लिंका कोण बघतंय, शेरा नव्या गेस्ट पोस्टांबद्दल असणार. तांत्रिकदृष्ट्या हे अगदीच खोटंही नव्हतं. पण त्या फाइलमध्ये घातल्या असत्या तर अर्जात त्यांचं स्पष्टीकरण द्यावं लागलं असतं, अर्ज सूनबाई वाचणार होत्या, आणि त्यांनी विचारलं असतं की या कुणी केल्या.

फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक पत्ता, किंवा आधी इंग्रजीत 'डोमेन' हा शब्द आणि अपूर्णविराम (कोलन) लावून अख्खं डोमेन. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकला की ती ओळ गूगल वाचत नाही, आपल्या टिपणासाठी. एक लाख ओळी आणि दोन एमबी ही मर्यादा. नवी फाइल चढवली की जुनी गेली, भर पडत नाही. दिसायला वाण्याच्या यादीसारखी, पण घाव मोठे घालते. रात्री एकच्या सुमाराला मी एका ओळीत ब्लॉगस्पॉटचं मूळ डोमेन लिहून बसले होते, कारण तिथून अकरा घाण लिंका होत्या. सेव्ह करायच्या आधी पाणी प्यायला उठले म्हणून वाचले. त्या काळातले कितीतरी मराठी ब्लॉग त्याच छपराखाली होते. आमरसाच्या कृती लिहिणाऱ्या, कोकणच्या सहलीचे फोटो टाकणाऱ्या, 'आमचा आंबा यांच्याकडून येतो' म्हणणाऱ्या सगळ्या बायकांना मी एका ओळीत घराबाहेर काढलं असतं.

अर्ज फेब्रुवारीच्या शेवटी गेला. मार्चच्या मध्याला उत्तर आलं: शेरा कायम. सोबत नमुन्यादाखल तीन लिंका. दोन गेस्ट पोस्ट, माझ्या नजरेतून सुटलेल्या. तिसरी एका जुन्या लेखसंग्रहाची, कशीबशी जिवंत. उघडली. ओहायोची बागकामप्रेमी बाई. पहिल्याच ओळीत 'मोनार्क ऑफ प्रोड्यूस'.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी देवगडची गाडी पकडली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते, आणि फोनवर सांगितलं असतं तर निम्मंच सांगितलं असतं.

सूनबाईंचे सासरे, काका, बागेत होते. सत्तरीचे, कमरेला टॉवेल, हातात कोयता. कलमांखाली सावलीत दोघी बायका फळं प्रतवारीने लावत होत्या. पहिली तोड सुरू झाली होती. सूनबाईंनी ओळख करून दिली. काकांनी मला काहीच विचारलं नाही, एका झाडाकडे बोट दाखवलं. वरच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका, मधूनमधून लालसर फुलं. बांडगूळ. "हे नुसतं ओरबाडून उपयोग नाही," ते म्हणाले. "जिथे चिकटलंय त्याच्या खालून फांदी छाटायची. नाहीतर परत फुटतं. पावसानंतर काढायचं राहून गेलं." मी विचारलं, येतं कुठून? "पाखरं आणतात. फळ खातात, बी चिकट असतं, फांदीवर चोच पुसतात."

मी म्हणाले, "काका, तुमच्या साइटवरचं पाखरांनी आणलेलं नाही. त्यातलं काही मी लावलंय."

सगळं सांगितलं. साठ चौकोन, ओहायोची बाई, पेंग्विन, आणि पहिल्या अर्जात मी काय लपवलं तेही. सूनबाईंचा चेहरा उतरला. महिनाभर ती माझ्यावर विसंबून होती, वाईट तिला वाटलं. काका कोयत्याच्या पात्यावर अंगठा फिरवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं ते अगदी अनपेक्षित होतं.

"तेव्हा तुमच्या हापिसान किती घेतलेले माझ्याकडून?"

महिन्याला बारा हजार, मी म्हणाले.

"आणि तुका त्यातले?"

पगार आठ हजार होता, पण मी एका वेळी सहा ग्राहकांचं काम करायचे.

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला असावा. "म्हणजे पेटीभरसुद्धा नाय," म्हणाले आणि हसले. मग सुनेकडे वळून, "माका सांग, आता कितके दिस लागतले?"

जेवण झाल्यावर तिथल्याच पडवीत बसून मी फाइल नव्याने लिहायला घेतली. या वेळी साधनाचा आकडा बाजूला ठेवला आणि सहाशे चाळीस डोमेनं एकेक करून उघडली. दोन दिवस लागले, रात्री त्यांच्याच माजघरात झोपले. हॅश टाकून गट केले: '२०१७-१८, गेस्ट पोस्ट, विकत.' 'मालकाला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.' 'दहा डॉलर मागितले.' आणि एक गट, एक्क्याण्णव डोमेनांचा: '२०११, मी केलेल्या.' गूगल हॅशच्या ओळी वाचत नाही हे मला माहीत होतं. म्हणून अर्जातही त्या गटाबद्दल लिहिलं, सूनबाईंच्या सहीने पण माझ्या कबुलीसकट. आधीच्या अर्जात काय गाळलं होतं, का गाळलं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शेरा उठला. सूनबाईंनी स्क्रीनशॉट पाठवला, खाली आंब्याची पाच चित्रं.

इथे गोष्ट सुफळ संपूर्ण झाली असं वाटेल, पण झाली नाही. साइट काही पहिल्या क्रमांकावर परत गेली नाही. दुसऱ्या पानावर येऊन थबकली. हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, तरी त्यांना ते पचायला वेळ लागला: पूर्वीची जागा मुळात त्या खोट्या लिंकांच्या टेकूवर होती. टेकू काढले की भिंत आपल्या खऱ्या उंचीवर येते. शेरा उठणं म्हणजे नुकसानभरपाई नाही. त्या वर्षी हंगाम व्हॉट्सॲपवर निघाला, जुन्या गिऱ्हाइकांच्या जोरावर. साइट हळूहळू, पुढच्या दोन वर्षांत, खऱ्या लिंकांनी वर सरकली. मी बिल निम्मं लावलं. काकांनी पूर्ण भरलं, आणि त्यातून दोन पेट्यांचे पैसे कापून घेऊन त्या पेट्या माझ्या घरी पाठवल्या. मी मागवल्या नव्हत्या.

राहिलं ते एक पत्र.

मार्चअखेर, दुसरा अर्ज गेल्यानंतर, उत्तर आलं. अमेरिकेतून, रोमन लिपीत मराठी. "तुमचे पत्र मिळाले. सांगितल्याप्रमाणे लिंक काढली आहे. माझ्या पानामुळे आंबेवाल्यांचे काय नुकसान झाले ते कळले असते तर बरे वाटले असते."

पत्ता बघितला. माझ्या वरच्या दीडशेंतलाच. साधनाने त्याला ९१ दिले होते. पान उघडलं आणि आकड्याचं कारण समजलं: सगळा मजकूर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, उलटेसुलटे स्वल्पविराम. शब्द म्हणावा असा एकही नाही. यंत्राला ते कचऱ्याशिवाय काय दिसणार. पण माझ्यासारख्या, युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकलेल्या कुणालाही ते ओळखीचं आहे. जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं पान, आणि तो फाँट आपल्या मशीनवर नाही. पूर्वी अशा पानांवर आधी 'फाँट उतरवून घ्या' अशी ओळ असायची. इथेही होती, वर, इंग्रजीत, तिची लिंक केव्हाच मेलेली. खाली तळाशी: २००२.

मी मराठीत पत्र लिहिलं, माफी मागितली, सगळा प्रकार सांगितला, आणि जमल्यास लिंक परत लावाल का म्हणून विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. लावायला हरकत नाही, पण काढताना मुलाने मदत केली होती, आता तो परगावी आहे आणि सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडे. थोडं थांबा. पुढे बरंच काही होतं. इथे हापूस २००७ पासून येऊ लागला, विकिरण होऊन येतो, पेटीचा भाव विचारू नका, चव आहे पण वास कमी. तुमच्याकडे या वर्षी मोहर कसा होता?

मे महिन्यात लिंक परत दिसली. मी पानाचा सोर्स उघडला, लिंकेच्या आसपासच्या चार ओळी कॉपी केल्या आणि फाँट बदलून देणाऱ्या एका पानावर चिकटवल्या. पहिल्या प्रयत्नात चुकीचा फाँट निवडला, भलतंच आलं. दुसऱ्यात आलं. ऱ्हस्वदीर्घ थोडे हललेले, पण वाचता येत होतं:

'यांच्याकडे इथून पैसे भरले. चौथ्या दिवशी पेटी डोंबिवलीला आईच्या दारात. आई म्हणाली, आंबा गोड आहे.'